ड्रम घ्यायचाय, पण खाली आजी राहतात

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. गेल्या जूनपासून आठवड्यातून दोनदा ड्रमच्या क्लासला जाते. घरी सरावाला काही नाही, म्हणून उशा आणि डायनिंग टेबल बडवत असते. सर म्हणतात, आता घरी किट हवंच. आम्ही डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. खालच्या ब्लॉकमध्ये ऐंशीच्या घरातल्या आजी एकट्याच असतात, त्यामुळे खऱ्या ड्रमसेटचा विचारही करता येत नाही. इलेक्ट्रॉनिक किटसाठी सगळं धरून पंचेचाळीस हजार रुपये काढू शकतो, त्याच्या वर नाही. इथला दुकानदार म्हणतो, ऑक्टोपॅड घ्या, त्यात सगळंच आलं आणि जागाही लागत नाही. माझा मावसभाऊ त्याचं सहा वर्षांचं, रबरी पॅडचं किट अठरा हजारांना देतोय. आणि आमच्या ह्यांचं म्हणणं, सहा महिन्यांत कंटाळली तर? काय घेऊ? आणि इलेक्ट्रॉनिक म्हणजे अजिबात आवाज येत नाही ना?
— एक आई, डोंबिवली पूर्व

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावरच ठरणार आहे. नाही, इलेक्ट्रॉनिक किट बिनआवाजी नसतं. दुकानात लेकीच्या कानाला हेडफोन लावतात, ती वाजवते, शेजारी उभं राहून तुम्हाला नुसती टकटक ऐकू येते. ‘बघा, आहे का काही आवाज?’ असं दुकानदार म्हणतो, आणि खरंच काही नसतो. पण दुकान बहुतेक वेळा तळमजल्यावर असतं. त्याच्या खाली कुणी दुपारचं आडवं झालेलं नसतं.

खऱ्या ड्रमसेटचा आवाज हवेतून पसरतो. वाजवणाऱ्याच्या कानापाशी तो सहज शंभर डेसिबलच्या वर जातो. हा हवेतला आवाज इलेक्ट्रॉनिक पॅडने जवळजवळ संपवला आहे, त्याबद्दल शंका नको. खोलीचं दार लावलं की शेजारच्या ब्लॉकला फारसा त्रास होत नाही. उरतो तो पायाचा दणका. किकच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, पेडलवर पाय पडला की धक्का स्टँडमधून लादीत, लादीतून स्लॅबमध्ये आणि तिथून थेट खालच्यांच्या छतात उतरतो. खाली गाणं ऐकू येत नाही, झांज ऐकू येत नाही, फक्त धप्प... धप्प-धप्प. वरच्या घरात कुणी खलबत्ता घेऊन दाण्याचं कूट करायला बसलं की जे ऐकू येतं, अगदी तेच. फक्त कूट पाच मिनिटांत होतं आणि रियाज तासभर चालतो.

म्हणून फ्लॅटमधलं किट हाताने निवडू नये, पायाने निवडावं. जाहिरातीत सगळा भर हातावर असतो: किती पॅड, किती झांजा, किती शे आवाज. तुमच्या घरात ते किट टिकणार की गॅलरीत कपडे वाळत घालायला लागणार, हे मात्र दोन पेडलं ठरवतील. उजव्या पायाखालचं किकचं आणि डाव्या पायाखालचं हाय-हॅटचं, म्हणजे एकमेकींवर बसवलेल्या दोन झांजांचं.

आधी ऑक्टोपॅडचं बघू, म्हणजे तो विषय संपेल. रोलंड या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीने १९८५ मध्ये ऑक्टोपॅड बाजारात आणला आणि पुढे १९९८च्या एसपीडी-२० या मॉडेलने तर आपल्याकडे घरच केलं. ऑर्केस्ट्रा, बेंजो पार्टी, लावणीचा फड, लग्नाची वरात, कुठेही जा, आठ चौकोनांची ती पेटी स्टँडवर असतेच. ढोलकीपासून डफापर्यंत सगळे आवाज एकट्या माणसाच्या दोन स्टिकमध्ये. वाद्य म्हणून मला त्याचा मनापासून आदर आहे, आणि ते उत्तम वाजवणारे कलाकार मी जवळून पाहिलेत. पण तुमची मुलगी ड्रम शिकतेय. ड्रम शिकणं म्हणजे चार अवयवांना चार वेगळी कामं सांगणं: उजवा हात राइड या मोठ्या झांजेवर, डावा स्नेअर या समोरच्या ड्रमवर, उजवा पाय किकवर, डावा हाय-हॅटवर. ऑक्टोपॅडला पेडल जोडता येतं, पण मूळ वाद्य हातांचं आहे. शिवाय त्याचे आठही पॅड जेमतेम दोन वितींच्या अंतरात असतात. स्नेअरवरून फ्लोअर टॉम या बाजूला जमिनीवर उभ्या ड्रमकडे जाताना खांदा आणि कंबर कशी वळते, हे त्यावर कधीच कळणार नाही. क्लासमध्ये खऱ्या किटवर बसली की तिचे हात चुकीच्या जागी पडतील. दुकानदार खोटं बोलत नाहीये, तो त्याच्या रोजच्या गिऱ्हाइकाला जे लागतं ते सुचवतोय. तुम्ही नम्रपणे नाही म्हणा.

आता किक. या किमतीच्या किटमध्ये किकचे दोन प्रकार मिळतात. एकात पेडलच्या आतच सेन्सर असतो. पाय दाबला की आवाज येतो, ठोकणारा दांडा, म्हणजे बीटर, नसतोच. यामाहाचं डीटीएक्स४०२के आणि अलेसिसचं टर्बो मेश ही दोन्ही या पद्धतीची. दुसऱ्यात एक छोटा उभा पॅड असतो, त्याला टॉवर म्हणतात, आणि समोर खऱ्यासारखं साखळीचं पेडल, ज्याचा बीटर त्या पॅडवर आपटतो. अलेसिसचं नायट्रो मेश आणि त्यानंतर २०२३ मध्ये आलेलं नायट्रो मॅक्स या पद्धतीचं. पहिल्याचा दणका कमी, दुसऱ्याचा जास्त. मग तुमच्यासाठी पहिलाच बरा, असं कुणीही म्हणेल.

मी तसं म्हणणार नाही. बीटर पॅडवर आपटून मागे येतो, आणि तो मागे येताना पायाने त्याला कसं झेलायचं, हीच किकच्या पायाची अर्धी विद्या आहे. टाच उचलून वाजवायचं की टेकवून, सलग दोन ठोके एका हालचालीत कसे काढायचे, हे बीटरशिवायच्या पेडलवर समजतच नाही. तेरा-चौदाव्या वर्षी पायाला जी सवय लागते ती नंतर मोडायला फार त्रास होतो. आवाजाचा बंदोबस्त खाली, जमिनीवर करता येतो. पेडलचा बाज नंतर प्रत्येक किटमध्ये बदलता येतोच असं नाही.

तो बंदोबस्त कसा, ते नीट सांगतो, कारण तुमचे सगळ्यात सत्कारणी लागणारे पैसे इथे आहेत. किटबरोबर किंवा वेगळी जी जाड काळी चटई विकतात ती किट घसरू नये म्हणून असते. दणक्याला ती फारशी अडवत नाही. योगा मॅट, जुनी गादी, सतरंज्यांची चवड हे सगळे प्रयोग लोक करून बसलेत. गादीवर किट डुगडुगतं आणि पेडल आत रुतून बसतं. खरा उपाय जगभरच्या फ्लॅटमधले ड्रमर वापरतात तो, टेनिस बॉलचा चौथरा.

सुताराला सांगून १८ मिमीच्या प्लायवूडच्या दोन सारख्या फळ्या कापून घ्या. स्टूलसकट सगळं किट मावेल एवढ्या. बहुतेकांना पाच फूट बाय चार फूट पुरतं, पण आधी किटची मापं घ्या. दोन्ही फळ्यांना समोरासमोर येतील अशी, साधारण फुटाफुटावर, ५ सेंटिमीटर व्यासाची भोकं पाडायची. टेनिसचा चेंडू साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे तो भोकातून खाली न पडता वाटीत बसल्यासारखा बसतो. खालच्या फळीवर चेंडू मांडले की वरची फळी त्यांच्या डोक्यावर ठेवायची. मध्ये चारेक सेंटिमीटरची पोकळी राहते आणि वरची फळी कुठेही जमिनीला टेकत नाही. वरच्या भोकांवर एखादी पातळ प्लाय ठोका, नाहीतर स्टूलचा पाय नेमका भोकात जाईल. त्यावर सतरंजी, त्यावर किट. चेंडू साधे, मऊ घ्या. आपल्याकडे मैदानी सामन्यांत वापरतात ते हेवी टेनिस बॉल कडक असतात, त्यांचा इथे उपयोग कमी. कॉलनीतल्या पोरांकडे मरगळलेले जुने चेंडू मिळाले तरी चालतील, फक्त सगळे सारखेच मरगळलेले हवेत, नाहीतर चौथरा एका बाजूला कलेल.

चौथरा ठेवायचाही विचार करा. खोलीच्या मधोमध स्लॅब जास्त हलतो. बीम आणि खांबाजवळ, म्हणजे भिंतीलगतच्या कोपऱ्यात, तो घट्ट असतो. आणि शक्य असेल तर आजींच्या पलंगाच्या बरोबर वर नको. ते कसं कळणार? खाली जाऊन बघायचं. एका संध्याकाळी तुम्ही आजींच्या खोलीत बसा, मुलीला वर पाच मिनिटं नुसतं किक वाजवायला सांगा. मग ‘त्रास होतो का?’ हा प्रश्न आजींना विचारायची वेळच येणार नाही, तुम्हालाच ऐकू येईल. त्यांची झोपेची आणि पोथीची वेळ विचारून घ्या, आणि रियाजाची वेळ त्यांच्या सोयीने ठरवा. कायद्याचं म्हणाल तर ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. पण सेक्रेटरीसमोर नियमाचा कागद फडकवून कुणाचं भलं झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

एवढं करायला काही कारणाने जमणारच नसेल, घर भाड्याचं असेल किंवा खोलीत चौथरा मावत नसेल, तर मात्र निमूटपणे बीटरशिवायचं पेडल घ्या. पायाची ती विद्या मग क्लासमधल्या किटवर, आठवड्यातले दोन दिवस.

डाव्या पायाकडे दुकानात कुणी बघतच नाही. खऱ्या हाय-हॅटच्या दोन झांजा असतात. पाय दाबला की मिटतात, सोडला की उघडतात, आणि मधल्या अर्धवट अवस्थांतच सगळी गंमत असते. स्वस्त किटमध्ये एक रबरी झांज आणि जमिनीवर वेगळं पेडल असतं. ते चालेल, या किमतीत त्याहून बरं मिळणार नाही. पण तपासायचं ते असं: मुलीला हाय-हॅटवर सारख्या वेगाने स्टिक मारत राहायला सांगा आणि डावा पाय अगदी सावकाश, दहा मोजत, वर उचलायला सांगा. आवाज ‘टिक्’वरून ‘त्स्स्’पर्यंत हळूहळू सरकत गेला तर पेडल चांगलं. मध्येच एका ठिकाणी खाडकन उडी मारून उघडला तर ते पेडल म्हणजे नुसतं बटण आहे. मग स्टिक न लावता नुसता पाय दाबून बघा, स्वच्छ ‘चिक्’ यायला हवं. दोन मिनिटांची ही परीक्षा. त्यात नापास झालेलं किट कितीही आवाजांचं असो, पुढे बघू नका.

हातांचं आता थोडक्यात. रबर की मेश? १९८१ साली सिमन्स कंपनीचं षटकोनी पॅडचं इलेक्ट्रॉनिक किट आलं तेव्हा ते पॅड इतके कडक होते की वाजवणाऱ्यांची मनगटं दुखायची. मग रबर आलं. १९९७ मध्ये रोलंडने रेमो या ड्रमवरचे पडदे बनवणाऱ्या कंपनीच्या मदतीने जाळीचं, म्हणजे मेशचं पॅड बाजारात आणलं. मेशवर स्टिक मारली तर खोलीतला आवाज बराच कमी होतो आणि मनगटाला झटका बसत नाही. तेव्हा नवीन घेणार असाल तर निदान स्नेअर तरी मेशचा असू द्या, आणि तो आठ इंचांपेक्षा लहान नको. दहा इंची मिळाला तर उत्तम. क्लासमधला खरा स्नेअर चौदा इंचांचा असतो, हे लक्षात घेतलं की सहा इंचांच्या पॅडवर नेम धरून शिकलेल्या हाताचं काय होतं ते कळेल. स्नेअरला दोन भाग असावेत: मध्ये मारलं तर एक आवाज, कडेवर मारलं तर वेगळा. संथ गाण्यांतला तो लाकडी ‘टक’ कडेवरूनच निघतो. टॉमना, म्हणजे बाकीच्या ड्रमना, एकच भाग असला तरी बिघडत नाही. झांजा या किमतीत रबरीच येणार आणि मेश किटमध्ये खोलीत सगळ्यात जास्त टकटक त्यांचीच असते, तेवढं तुम्हाला सोसावं लागेल.

मेशचा एक दोष सांगून ठेवतो. त्यावर स्टिक जरा जास्तच उसळते. हात काम न करता ठोके आपोआप पडल्यासारखे वाटतात आणि मुलगी खूश होते. सर मात्र खऱ्या स्नेअरवर ते ठोके मागतात तेव्हा हात रिकामे निघतात. म्हणून किटबरोबर हजार-दीड हजाराचा साधा रबरी प्रॅक्टिस पॅड घ्या आणि सिंगल स्ट्रोक, डबल स्ट्रोक, पॅराडिडल या हातांच्या मूळ पलट्यांचा सराव त्यावरच होऊ द्या. उशीवरचा जो सराव तिने आजवर केलाय तोही वाया गेलेला नाही. उशी काहीच परत देत नाही, त्यामुळे मनगट घडतं. डायनिंग टेबलाला मात्र सुट्टी द्या.

मॉड्यूल, म्हणजे किटचा मेंदू, यावर मी मुद्दाम कमी लिहितोय. पुठ्ठ्याच्या खोक्यावर ‘तीनशे आवाज’ लिहिलेलं असतं त्यातले तीन-चार मुलं वापरतात. टिकटिक करून लय धरून देणारा मेट्रोनोम हवा, हेडफोनचं भोक हवं, मोबाइलवरचं गाणं आत घेऊन त्याच्याबरोबर वाजवायची सोय हवी, आणि यूएसबी हवं, म्हणजे दोन-तीन वर्षांनी आवाजांचा कंटाळा आला तर लॅपटॉपला जोडून चांगल्या सॉफ्टवेअरचे आवाज वापरता येतील. बस्स.

बजेटची फोड करताना लोक एक गोष्ट विसरतात. बहुतेक किटबरोबर स्टूल येत नाही, हेडफोन येत नाही, आणि काहींबरोबर किकचं पेडलही येत नाही. तेव्हा पंचेचाळीसमधले दहा-अकरा हजार आधीच बाजूला काढा आणि उरलेल्या चौतीस-पस्तीसमध्ये किट शोधा. किमती सेलप्रमाणे आणि डॉलरप्रमाणे हलत असतात. या पैशांत टॉवरवालं मेश किट कधी बसतं, कधी थोडक्यात निसटतं. निसटलं तर दिवाळीच्या सेलपर्यंत थांबायची तयारी ठेवा. किंवा बीटरशिवायचं मेश किट घ्या, पण आधी एक गोष्ट विचारून: या मॉड्यूलला पुढे वेगळा किक टॉवर जोडता येईल का? ‘हो’ म्हणाले तर लेखी घ्या, निदान व्हॉट्सॲपवर.

स्टूलवर कंजुषी नको. स्वयंपाकघरातलं प्लॅस्टिकचं स्टूल अजिबात चालणार नाही. उंची कमी-जास्त करता येणारं, जाड बैठकीचं ड्रमचं स्टूल घ्या, आणि मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या राहतील एवढं उंच ठेवा. स्टूल खुजं असलं की पूर्ण पाय उचलावा लागतो, कंबर धरते, आणि दणकाही वाढतो. हेडफोन कान पूर्ण झाकणारे आणि वायरचे घ्या. ब्लूटूथ हेडफोन नकोतच; त्यात आवाज क्षणभर उशिरा पोचतो आणि स्टिक आधी, आवाज मग, असं झालं की लय शिकणाऱ्या मुलीचं डोकंच फिरेल. (मॉड्यूलमध्ये ब्लूटूथ असतं ते मोबाइलवरचं गाणं आत घ्यायला. ते बिनधास्त वापरा.)

आणि कान. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सुचवलेली मर्यादा ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे. आवाज वाढला की सुरक्षित वेळ झपाट्याने घटते. ड्रम वाजवणारा प्रत्येक जण आवाज थोडा-थोडा वाढवत नेतो, हा स्वभावच आहे. पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः हेडफोन लावून बसा, मुलीला वाजवू द्या, मध्यम वाटेल त्या जागी आवाजाचं बटण थांबवा आणि त्या रेषेवर एक टिकली चिकटवा. टिकलीच्या पुढे बटण जायचं नाही. घरातल्या कुणालाही येता-जाता दिसतं आणि भांडण करावं लागत नाही.

आता मावसभावाचं किट. रबरी आहे, सहा वर्षांचं आहे, म्हणून लगेच नाक मुरडू नका. तुमच्या ह्यांना जी भीती वाटते तिचं उत्तर कदाचित तेच आहे. नवं किट खोक्यातून बाहेर काढलं की त्याची किंमत पडते. जुनं, चालू स्थितीतलं किट वर्षभर वापरून विकलं तर फारसं नुकसान होत नाही. त्याला म्हणावं, महिनाभर घरी आणतो, मग ठरवू. नात्यात ही एक सोय आहे. दुसरी गैरसोय अशी की दोन महिन्यांनी बिघडलं तर त्याच्याकडे पैसे मागता येणार नाहीत आणि मावशीला कळल्याशिवाय राहणार नाही. म्हणून काय तपासायचं ते आधीच तपासा.

दोन्ही पेडलं पहिली. हाय-हॅटची वर सांगितलेली परीक्षा. किकवर सलग पन्नास ठोके, एकही चुकता कामा नये. मग प्रत्येक पॅडवर अगदी हलका ठोका आणि जोराचा ठोका. दोन्हींत फरक ऐकू यायला हवा. पॅडखाली एक छोटी चकती असते, धक्क्याने ती सूक्ष्म वीज तयार करते आणि त्यावरून मॉड्यूलला जोर कळतो. हलका आणि जड ठोका सारखाच ऐकू आला तर एकतर सेन्सर गेलाय किंवा त्या पॅडची सेन्सिटिव्हिटी चुकीची लावलीय. दुसरी गोष्ट मेनूमध्ये दोन मिनिटांत सुधारते. एका ठोक्याला दोन आवाज आले किंवा टॉम मारल्यावर झांज वाजली, तरी घाबरू नका, हेही बहुधा सेटिंगच असतं, आणि नव्या किटमध्येही पहिल्या आठवड्यात दिसतं. शेवटी वायरी. वाजवताना प्रत्येक जॅक हळूच हलवून बघा, खरखर झाली किंवा आवाज तुटला तर जोडणी सैल आहे. काही किटमध्ये सगळ्या वायरी एकाच जाड केबलमधून येतात आणि ती अनेक पिनांच्या एका प्लगने मॉड्यूलला जोडतात. तो प्लग काढून पिना वाकल्यात का पाहा; ती केबल बाजारात सहज मिळत नाही. अॅडॉप्टर मूळचाच आहे ना, हेही विचारा. घरातला दुसरा कुठला तरी अॅडॉप्टर बसला म्हणून लावू नका. व्होल्ट जुळले तरी प्लसमायनस उलटे असू शकतात.

हे सगळं पास झालं, दोन्ही पेडलं धड निघाली, तर पंधराला मागा, सोळाला घ्या. उरलेल्या पैशांतून चौथरा, स्टूल, हेडफोन, प्रॅक्टिस पॅड होऊनही बरेच राहतील, आणि पुढच्या वर्षी फक्त स्नेअरच्या जागी मेशचा पॅड लावता येईल. मॉड्यूलला तो चालतो का, ते मात्र त्या वेळी लावून बघूनच घ्या. एखादं पेडल जरी कुचकामी निघालं तर मावसभावाला धन्यवाद द्या आणि नव्याकडे वळा. पॅड रबरी आहेत म्हणून सोडू नका, पाय वाईट असतील तर जरूर सोडा.

नवं घ्यायची वेळ आली तर फोटो पाहून मागवायच्या आधी एकदा मुलीला घेऊन मुंबईला या. धोबी तलावला फुर्ताडोजसारखं मोठं दुकान आहे, सीएसएमटीला उतरून चालत जाता येतं. तिच्या स्टिक तिच्याजवळ असू द्या, आणि ती क्लासला जे बूट घालते किंवा अनवाणी बसते तशीच बसवा. सर येत असतील तर फारच छान. लागोपाठ तीन किटवर बसवा, आवाज एकदम कमी ठेवायला सांगा म्हणजे आवाजाच्या भपक्याला कुणी भुलणार नाही.

कंटाळण्याचं म्हणाल, तर जी मुलगी जूनपासून उशा बडवतेय तिच्याबद्दल ही शंका घ्यायला उशीरच झालाय. फक्त एक करा, किटची किंमत तिच्यासमोर पुन्हा पुन्हा काढू नका. रोज अर्धा तास पुरे; त्यातली पहिली दहा मिनिटं नुसते पाय, मेट्रोनोमवर, मिनिटाला साठ ठोक्यांच्या गतीने.

आणि चौथरा आधी करून घ्या, किट मागून येऊ दे. सुताराला नेहमीप्रमाणे सांगितलेल्या दिवसापेक्षा आठवडाभर जास्त लागेलच.